गाणारा डबा कोणाचा?

आगगाडीत बिअर आणि डब्यातच गाणेबजावणे, एवढे नुसते म्हटले तरी आपल्याकडे दोन ठरलेले सूर निघतात. काहींना ती चैन वाटते आणि ‘आपल्याकडेही असे काहीतरी हवे’ म्हणत ते पर्यटन महामंडळाकडे बोट दाखवतात. बाकीच्यांना तो धिंगाणा वाटतो आणि ते संस्कृतीची काळजी वाहू लागतात. दोन्ही पक्षांची नजर पेल्यात काय आहे, यावरच खिळलेली असते. मला हा वादच उथळ वाटतो. जगात जिथे जिथे असे प्रयोग झाले, तिथले बरेवाईट पाहिले तर दारूच्या असण्यानसण्याने फारसे काही ठरलेले दिसत नाही. वाद्ये वाजू लागली तेव्हा डबा कोणाच्या मालकीचा होता, यावर मात्र जवळजवळ सगळे ठरले.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नेहमीच्या तिकिटाच्या, नेहमीच्या वेळापत्रकाच्या, नेहमीच्या थांब्यांच्या गाडीत गाणे आणि बेताची बिअर चढली, तर गाडी अधिक सार्वजनिक होते. गाणे आणि बिअर यांच्यासाठी म्हणून गाडी काढली, तर ती चाकांवरचे हॉटेल होते. हॉटेलात वाईट काही नाही, पण त्याचे श्रेय रेल्वेने घेऊ नये आणि त्याचा दोषही रेल्वेला लावू नये. हे पायरीपायरीने मांडतो.

१. पहिली बँडगाडी दारूबंदीवाल्यांची

रेल्वे, सहल आणि संगीत यांची गाठ मद्यप्रेमींनी बांधली असेल, असा आपला समज असतो. इतिहास याच्या नेमका उलट आहे. थॉमस कुक हा इंग्लंडमधला लाकूडकाम आणि छपाई करणारा, बाप्टिस्ट पंथाचा कट्टर मद्यविरोधी गृहस्थ. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला एक खास गाडी नेली. भाडे जाऊन-येऊन एक शिलिंग, माणसे सुमारे पाचशे, डबे बिनछपराचे आणि सोबत ब्रास बँड. लफबरोच्या बागेत चहा, खाणे, खेळ आणि दारूबंदीची भाषणे झाली. पुढे ज्या नावाने जगभर पर्यटनाचा धंदा उभा राहिला, त्याची सुरुवात ही अशी कोरडी होती.

हे सांगण्याचे कारण साधे आहे. कुकला दारूच्या गुत्त्याला पर्याय हवा होता आणि तो त्याला गाडीत सापडला. कामगाराच्या हातात रविवार किंवा सोमवारची सुटी असे, खिशात थोडे पैसे असत आणि वेळ घालवायला हाताशी फक्त गुत्ता असे. गाडीने त्याला एकत्र बसायला जागा दिली, बघायला खिडकी दिली, ऐकायला बँड दिला. म्हणजे गाडीतल्या संगीताचे काम पहिल्यापासूनच अनोळखी माणसांची थोडा वेळ एक मंडळी करण्याचे होते. बिअर या गोष्टीत नंतर आली. ती आली म्हणून हे काम बदलले का, एवढेच तपासायचे.

२. होप व्हॅलीची फोक ट्रेन

इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामध्ये डोंगर आहेत आणि त्यांतून होप व्हॅलीचा मार्ग जातो. १९६३ साली डॉ. बीचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल आला. सुमारे पाच हजार मैल लोहमार्ग आणि दोन हजारांवर स्थानके बंद करावीत, अशी त्याची शिफारस होती. होप व्हॅलीचा मार्ग त्या यादीत होता. याच दोन शहरांना जोडणारा वूडहेडचा विद्युतीकरण झालेला मार्ग टिकायचा होता. घडले उलटे. वूडहेडवरची प्रवासी वाहतूक १९७० मध्ये थांबली, मालगाड्या १९८१ मध्ये, आणि यादीतला मार्ग जिवंत राहिला.

जिवंत राहिलेल्या अशा मार्गांचे दुखणे एकच असते. सकाळ-संध्याकाळ गर्दी आणि मधल्या वेळी रिकामी बाके. रिकामी बाके म्हणजे पुढच्या कपातीचा पुरावा. या दुखण्यावर नव्वदच्या दशकात काही स्थानिक मंडळींनी उपाय काढला. हडर्सफील्ड ते शेफील्ड या पेनिस्टोन मार्गासाठी १९९३ मध्ये एक भागीदारी संस्था उभी राहिली. रेल्वे, नगरपालिका आणि गावकरी एकत्र आले. गाड्यांत गायक-वादक बसवणे, सोबत एल या इंग्रजी बिअरची सोय करणे, हे त्यांच्या उद्योगांपैकी एक. होप व्हॅलीतही फोक ट्रेन सुरू झाली. ठरलेल्या शनिवारी मँचेस्टरहून सुटणाऱ्या रोजच्याच गाडीत लोकसंगीताची मंडळी चढतात, वाटेत वाजवतात, हॅदरसेजसारख्या एखाद्या गावी उतरून पबमध्ये मैफल करतात आणि परतीच्या गाडीत पुन्हा वाजवतात. संगीताचे वेगळे तिकीट नाही. ज्याला हॅदरसेजला मावशीकडे जायचे आहे, तोही त्याच गाडीत असतो.

याच्यामागचे गणित डोळ्यांत भरणारे नाही, पण पक्के आहे. गाडी तशीही धावणार असते. चालक, गार्ड, इंधन, मार्गाचे भाडे हा सगळा खर्च आधीच झालेला असतो. चाळीस माणसे जास्त चढली तर रेल्वेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो आणि चाळीस तिकिटे वाढतात. गावातल्या पबचा एका दुपारचा गल्ला भरतो. मार्ग बंद करण्याची फाईल पुन्हा कधी निघालीच, तर त्या गाडीच्या बाजूने बोलणारी माणसे तयार झालेली असतात. या शेवटच्या लाभाला हिशेबाच्या वहीत रकाना नाही. माझ्या मते तोच सर्वांत मोठा लाभ आहे.

या दरीला आणखी एक पार्श्वभूमी आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डच्या कामगार तरुणांनी जमीनदारांच्या मनाईला न जुमानता किंडर स्काउटच्या डोंगरावर सामूहिक चढाई केली. काहींना तुरुंगवास झाला. शेफील्डची तुकडी याच दरीतल्या ईडेलच्या बाजूने चढली होती. इवन मॅकॉलने त्या प्रसंगावर रचलेले गाणे इंग्लंडच्या लोकसंगीतात कायमचे बसले. शहरातला गिरणी कामगार आठवड्याच्या सुटीत आगगाडीने डोंगरावर जातो आणि गात जातो, ही तिथली जुनी सवय. फोक ट्रेन त्या सवयीवर उभी आहे. कोणा जाहिरात कंपनीच्या बैठकीत ती सुचलेली नाही, हे तिच्याकडे पाहिले की कळते.

३. यजमान वेळापत्रक

आता मुख्य मुद्दा. नेहमीच्या गाडीत असे काय असते, जे खास गाडीत नसते?

पहिली गोष्ट म्हणजे शेवट. पबमधली संध्याकाळ लांबते, घरची बैठक त्याहून लांबते. गाडीचा कार्यक्रम मात्र स्थानक आले की संपतो आणि तो कोणाच्या मर्जीने संपत नाही. पिणाऱ्याला ‘आता पुरे’ म्हणण्याचा वाईटपणा कोणाला घ्यावा लागत नाही. पाऊण तासाच्या प्रवासात माणूस किती पिणार, यालाही मर्यादा असते.

दुसरी गोष्ट थांब्यांची. दर पाच-दहा मिनिटांनी दार उघडते आणि नवी माणसे आत येतात. पिशव्या घेऊन आलेली बाई, सायकल घेतलेला मुलगा, गाण्याशी काहीही देणेघेणे नसलेला म्हातारा. त्यांच्यासाठी वाट करावी लागते, फिडलवाल्याला गज आवरावा लागतो. कितीही रंग चढला तरी मैफलीला आपल्यातच गुंग होऊन बसता येत नाही. तिच्यातली टोळीवृत्ती दर थांब्यावर थोडी मोडते.

तिसरी गोष्ट आवाजाची. या मार्गावरच्या डिझेल गाड्यांची इंजिने डब्याच्या पायाखालीच असतात. चढावर गाडी गुरगुरू लागली की गिटारचे मंद स्वर बुडतात. चिन्ली सोडून ईडेलकडे जाताना काउबर्नचा बोगदा लागतो, लांबी जवळपास साडेतीन किलोमीटर. त्यात खिडक्या काळ्या होतात, घरघर दुप्पट होते आणि नाजूक चालीचे गाणे धरून ठेवणे अवघड होते. मायक्रोफोन नसलेल्या गायकाला अशा वेळी ध्रुवपद सगळ्यांच्या गळ्यात टाकावे लागते, नाहीतर गप्प बसावे लागते. रंगमंचावरचा कलावंत श्रोत्यांना गृहीत धरू शकतो, इथे त्याला त्यांचा गळा उसना मागावा लागतो. म्हणून अशा डब्यात लोकसंगीत टिकते आणि स्वतःच्या नाजुकपणावर खूश असलेले संगीत टिकत नाही. हा माझा पूर्वग्रहही असेल.

बिअरच्या बाबतीतही गाडी आपले नियम लादते. इंग्रजी पिंपातली एल जिवंत असते. तिच्यात यीस्टचे काम चालू असते आणि गाळ बुडाशी बसायला पिंप दिवसभर तरी न हलवता ठेवावे लागते. धक्के बसले की गाळ वर येतो आणि पेला गढूळ होतो. म्हणून गाडीसाठी वरची निवळ एल हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून आणतात. अशी काढलेली एल फार टिकत नाही, ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी लागते. त्यामुळे लागेल तेवढीच आणायची आणि संपली की संपली. साठा करून ठेवून पाजत राहण्याचा धंदा या वस्तूवर नीट बसतच नाही.

४. भाड्याने घेतलेली गाडी

याच्या पलीकडच्या टोकाचे उदाहरण १९७० च्या उन्हाळ्यात कॅनडात सापडते. फेस्टिव्हल एक्स्प्रेस नावाची भाड्याची गाडी टोरांटोहून विनिपेगमार्गे कॅलगरीला गेली. आत जॅनिस जॉप्लिन, ग्रेटफुल डेड, द बँड, बडी गाय अशी एकाहून एक माणसे. दिवसरात्र डब्यांत वाजवणे आणि पिणे चालले. दारू संपली तेव्हा सास्काटूनला गाडी थांबवून तिथले दुकान जवळपास रिकामे केले गेले. २००३ मध्ये आलेल्या माहितीपटात हे सारे पाहायला मिळते आणि गाडीतले वादन ठरलेल्या कार्यक्रमांपेक्षा सरस होते, हेही त्यातून जाणवते.

पण ते ऐकले कोणी? कलावंतांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. तिकीट काढलेले लोक मैदानात होते. टोरांटोत तर तिकिटाच्या दरावरून, कार्यक्रम फुकट करा म्हणून निदर्शने झाली, आणि आयोजकांना या उद्योगात खोट बसली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याच्या गाडीत जनता नव्हती, ही गोष्ट त्या गाडीच्या कौतुकात कोणी फारशी बोलत नाही. वेळापत्रकाच्या गाडीला दारू संपली म्हणून सास्काटूनला थांबता येत नाही. तिच्यावर इतरांचा हक्क असतो, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्या खास गाड्या एका मापाने मोजू नयेत, हे मला मान्य आहे. जपानमधल्या तोयोहाशी शहरात उन्हाळ्यात बिअरची ट्राम निघते. ठरलेले पैसे भरायचे, हवी तेवढी बिअर प्यायची, सोबत खाणे आणि गाणे. वाटेत इहारा इथे अकरा मीटर त्रिज्येचे वळण आहे, त्या देशातले सर्वांत आवळ वळण. तिथे सगळ्यांना पेले धरून ठेवावे लागतात. ट्राममध्ये शौचालय नसल्याने टोकाच्या थांब्यावर त्यासाठी मुक्काम करावा लागतो. ही आधी जागा राखून ठेवायची, खास गाडीच आहे. पण ती शहराच्या रोजच्या रुळांवरून, रोजच्या थांब्यांवरून जाते आणि तिची कमाई रोजच्या ट्रामलाच मिळते. इंग्लंडमधली वॉटरक्रेस लाइन तशीच. १९७३ मध्ये बंद पडलेला अ‍ॅल्टन-अ‍ॅल्रेसफर्ड मार्ग हौशी मंडळींनी टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केला आणि वाफेच्या इंजिनामागे एलचा बार लावून शनिवारच्या रात्री गाड्या काढल्या. तो पैसा बॉयलरच्या दुरुस्तीत जातो. या गाड्या हॉटेलच आहेत, पण रेल्वेला पोसणारी हॉटेले आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते खास गाडीला रेल्वेची संस्कृती म्हणून मिरवण्याशी. आपली डेक्कन ओडिसी २००४ पासूनची, तिच्याआधी १९८२ ची पॅलेस ऑन व्हील्स, नंतरची महाराजाज एक्स्प्रेस. आत बार आहे, स्थानकावर उतरल्यावर तुतारी आणि लोकनृत्य आहे. पाहुण्यांपैकी एकही जण त्या रुळांवरून रोज जाणाऱ्या माणसाशेजारी बसत नाही. तुतारी वाजते तेव्हा रोजचा प्रवासी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या गाडीची वाट पाहत असतो. नागपूर मेट्रोने वाढदिवसासाठी डबे भाड्याने देण्याची योजना आणली, तीही याच जातीची, फक्त स्वस्त.

५. आक्षेप

दारुड्यांचे काय? हा सर्वांत आधी येणारा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. माझ्या म्हणण्याला सर्वांत जड जाणारे उदाहरण मीच देतो. होप व्हॅलीच्या उत्तरेला, स्टेलीब्रिज ते बॅटली या पट्ट्यात नेहमीच्याच गाड्यांनी एकेका स्थानकावर उतरून तिथल्या पबमध्ये एल पिण्याची टूम निघाली. २००९ मध्ये दूरचित्रवाणीवर ती दिसली आणि शनिवारी झुंडी लोटू लागल्या. लग्नाआधीच्या मित्रमैत्रिणींच्या टोळ्या, चित्रविचित्र पोशाख, गावकऱ्यांना ताप. काही पबांनी शनिवारी लागर आणि कडक दारू विकणे बंद केले, काचेचे पेले काढून प्लास्टिकचे आणले. तिकीट नेहमीचे, गाडी नेहमीची, तरी हे झाले.

मग माझी अट अपुरी आहे का? आहे, आणि म्हणून ती पुरी करतो. त्या पट्ट्यात गाडी ही दोन गुत्त्यांमधली नुसती ने-आण होती. डब्यात सगळ्यांचे लक्ष वेधणारे काही नव्हते, आणि हा उद्योग अंगावर घेतलेला, चुकले तर दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवावे लागणारा कोणी यजमानही नव्हता. फोक ट्रेनमध्ये या दोन्ही गोष्टी असतात. गाणे चालू असताना आरडाओरडा करणाऱ्याला शेजारचाच गप्प करतो, पोलीस लागत नाही. तेव्हा नेहमीची गाडी, स्थानिक यजमान आणि मध्यभागी संगीत, या तिन्ही गोष्टी एकदम हव्यात. यांतली बिअर काढून घेतली तर बाकीचे टिकते. संगीत काढून घेतले तर काय उरते, ते स्टेलीब्रिजच्या वाटेवर दिसले.

नुसती बंदी हा उपाय लंडनने केला. भुयारी रेल्वेत मद्यपानाला १ जून २००८ पासून मनाई झाली. आदल्या रात्री हजारो लोक शेवटचा घोट म्हणून सर्कल लाइनवर जमले, गोंधळ झाला, सतरा जणांना अटक झाली. जर्मनीतल्या मेट्रोनोम कंपनीने २००९ मध्ये आपल्या गाड्यांत बाटली उघडण्यावर बंदी घातली. स्कॉटलंडने २०१२ मध्ये रात्री नऊ ते सकाळी दहा एवढ्यापुरती मनाई केली आणि २०२० मध्ये साथीचे निमित्त होऊन पूर्ण. रात्री उशिराच्या गाडीने एकटीने घरी जाणाऱ्या बाईला या बंद्यांचा आधार वाटला असेल तर तिच्याशी हुज्जत घालण्याचे मला कारण नाही. रात्रीच्या शेवटच्या गाड्या कोरड्या ठेवाव्यात, हे मीही म्हणतो. पण शनिवारी दुपारी, एका डब्यात, गाण्याभोवती मिळणारा एलचा पेला आणि रात्री साडेअकराला अनोळखी टोळक्याच्या हातातला डबा, यांना एकच नियम लावणे म्हणजे आळस.

ज्यांना ऐकायचेच नाही, त्यांचे काय? मला हा आक्षेप पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो, कारण तो दारूबरोबर संपत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ट्राम-बसमध्ये कंपनीने कर्ण्यांवरून रेडिओ वाजवायला सुरुवात केली, प्रवासी कोर्टात गेले आणि १९५२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. बहुमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र, जागा सोडून जाता न येणाऱ्या श्रोत्यावर आवाज लादता येत नाही, अशा आशयाचे विरोधी मत नोंदवले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर तर सुनावणीतूनच बाजूला झाले. आपण स्वतः या रेडिओने गांजलेलो असल्याने आपल्या मनाचा तोल राहणार नाही, असे त्यांचे कारण होते. इतका प्रामाणिक निवाडा क्वचितच पाहायला मिळतो.

मी डग्लस यांच्या बाजूचा आहे. म्हणून माझ्या मांडणीत एक अट अशी, की संगीत एकाच डब्यात असावे, ते आधी जाहीर झालेले असावे आणि शेजारच्या डब्यात जाऊन बसण्याइतकी जागा गाडीत असावी. इंग्लंडमधले हे प्रयोग मधल्या वेळेच्या गाड्यांत होतात, तेव्हा ही अट सहज पाळली जाते. कर्णे तर नकोतच. उघड्या गळ्याचे गाणे डब्याच्या दाराशी थांबते.

६. आपल्याकडे

हीच अट मुंबईच्या लोकलला लावली की आपले लाडके उदाहरण अडचणीत येते. विरार, कर्जत, कसाऱ्याकडून येणाऱ्या सकाळच्या गाड्यांतली भजनी मंडळे हे मुंबईचे वैभव आहे, असे आपण म्हणतो आणि मनापासून म्हणतो. टाळ आहेत, ढोलकी नाहीतर डब्याचा पत्राच आहे, दसऱ्याला डब्याला तोरणे आहेत. पण रेल्वेच्याच हिशेबात या गाड्यांत गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. तिथे शेजारच्या डब्यात जा, असे कोणाला सांगणार? रात्रपाळी करून आलेला, परीक्षेला निघालेला, वेगळ्या श्रद्धेचा माणूस अडकलेलाच असतो. भजन आहे आणि दारू नाही, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. भजनवाला सात्त्विक म्हणून त्याला सूट आणि बिअरवाला तामसी म्हणून त्याला शिक्षा, हा न्याय मला पटत नाही.

गणपतीच्या गाड्यांचे वेगळे आहे. कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांच्या गाडीत पेटी, पखवाज आणि टाळ चढतात, डबलबारीच्या गजरांची तालीम पनवेल सुटल्यावरच सुरू होते. गाडी खच्चून भरलेली असते, तरी डब्यातला जवळजवळ प्रत्येक जण त्याच उत्सवाला निघालेला असतो आणि प्रवास रात्रभराचा असतो. होप व्हॅलीच्या फोक ट्रेनची आपली भावंडे शोधायची तर ती इथे आहेत. त्यांच्या पाठीशी कोणी भागीदारी संस्था नाही आणि त्यांना तिची गरज आहे, असेही दिसत नाही.

कायद्याकडे पाहिले की चित्र आणखी वाकडे दिसते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४५ नुसत्या नशेत असण्यालाही गुन्हा मानते. त्रास दिला पाहिजे असे नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्रात तर १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, पिण्यासाठी परवाना लागतो, आणि घोलवड मागे टाकून गाडी उंबरगावात शिरली की गुजरातचा कडक कायदा लागू होतो. एकाच खिडकीजवळ बसलेला माणूस अर्ध्या तासात दोन कायद्यांखालून जातो. तरी त्याच देशात, त्याच रुळांवर, लाखांत तिकीट असलेल्या गाडीला बार चालतो. दारू वाईट, हे तत्त्व असेल तर ते दरपत्रकाप्रमाणे बदलू नये.

याचा अर्थ कोकण रेल्वेत उद्यापासून बिअर द्या, असा मी काढत नाही. आपल्याकडे मधल्या वेळची रिकामी गाडीच दुर्मीळ. शिवाय पिणे म्हणजे लपूनछपून, घाईघाईने आणि शुद्ध हरपेपर्यंत, ही सवय अनेक पिढ्यांच्या बंदीने लावून ठेवली आहे. पाऊण तासात एक पेला सावकाश संपवणारा प्रवासी आधी तयार व्हावा लागेल आणि ते काम रेल्वेचे नाही. आपण सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी, गाण्याच्या.

७. गाणाऱ्याचे पैसे

या सगळ्या कौतुकात एक हिशेब सगळेच चुकवतात. कॅनडाची व्हिया रेल टोरांटो-व्हँकुव्हर आणि मॉन्ट्रियल-हॅलिफॅक्स या लांब पल्ल्याच्या गाड्यांत वादकांना नेते. मोबदला म्हणून प्रवास, झोपायला जागा आणि जेवण. फोक ट्रेनमध्येही बहुतेक मामला हौसेचा. हौस ही मोठी गोष्ट आहे, पण बाके भरण्यासाठी, मार्ग वाचवण्यासाठी ज्याच्या गळ्याचा उपयोग होतो, त्याला एक पेला आणि टाळ्या देऊन वाटेला लावणे बरे नाही. निदान टोपी फिरवण्याची मुभा हवी. लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ पासून स्थानकांत वादकांना जागा आखून दिल्या, न्यूयॉर्कने त्याच्याही आधी १९८५ मध्ये. तिथे पुढे ठेवलेल्या खोक्यात पैसे टाकणे राजरोस आहे. धावत्या डब्यात मात्र दोन्ही शहरांत मनाईच आहे.

आपल्याकडे हे खोकेच बेकायदा आहे. रेल्वे कायद्याचे कलम १४४ डब्यात परवान्याशिवाय वस्तू विकायला आणि भीक मागायला मनाई करते. विकण्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कल्याणच्या अलीकडे-पलीकडे दुपारच्या विरळ गाडीत चढणारा, एका हाताने बाके चाचपत आणि दुसऱ्या हाताने दोन चपट्या दगडांचा ठेका धरत जुनी सिनेमाची गाणी म्हणणारा अंध गायक कायद्याच्या नजरेत भिकारी आहे. दुपारची गाडी आहे, बाके रिकामी आहेत, कर्णा नाही आणि ज्याला नको तो पुढच्या स्थानकावर डबा बदलू शकतो. मी वर घातलेल्या बहुतेक अटी तो आजच पाळतो. त्याला ओळखपत्र, ठरलेल्या गाड्या आणि पैसे घेण्याचा हक्क द्यायला बारची गरज नाही, नव्या डब्याची नाही, पर्यटन महामंडळाची तर मुळीच नाही. कलम १४४ मध्ये गाणाऱ्यासाठी एक अपवाद घालावा लागेल, आणि तो घालायचा अधिकार संसदेचा आहे.